तायडेबाईंचा तिसरा देश

तायडेबाई कुठलाही कागद मागून वाचतात. लग्नपत्रिका हातात पडली की आधी ती उलटी होते. औषधाची पट्टी, एसटीचं तिकीट, मिक्सरचं वॉरंटी कार्ड, सगळ्याची सुरुवात त्यांच्या लेखी शेवटून. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ किंचित हलताहेत आणि समोरचा माणूस ताटकळतोय. "समोरच्या पानावर समदेच गोड बोलते," त्या म्हणतात. "अटी मांगं रायते."

मी अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात नोकरीला लागले, त्या दिवशी आवक-जावकच्या टेबलावर त्याच बसल्या होत्या. मी मोठ्या ऐटीत रुजू होण्याचा अर्ज पुढे केला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला आणि मला परत दिला. सहीखाली तारीख नव्हती.

"मॅडम, आजचीच तारीख आहे," मी म्हटलं.

"आज कोनती तारीख हाये हे तुले माहीत हाये, मले माहीत हाये. कागदाले कुठी माहीत हाये?"

मी तारीख टाकली. दुपारी त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकर माझ्या ताटलीत ठेवली, न विचारता. त्यांच्या हातून अपुरा कागद कधी पुढे गेला नाही, हे सगळं ऑफिस सांगायचं. पुरा कागद त्यांनी कधी अडवलाही नाही, हे मात्र ज्यांची कामं झाली ते विसरून जायचे.

त्यांचे यजमान देविदासकाका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळा जन्म स्टँडवरच्या माइकसमोर गेल्यामुळे घरातही त्यांचा आवाज त्याच पट्टीत लागायचा. चहा हवा असला तरी गाडी फलाटाला लागल्याची घोषणा व्हावी तसा तो शेजारच्या तीन घरांना कळायचा. मनाने मऊ, पण एकदा बोललेला शब्द मागे घ्यायची सवय नाही. गाडी सुटली म्हणजे सुटली.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुमेध शिकायला म्हणून परदेशी गेला आणि तिथेच नोकरीला लागला. त्या देशाचं नाव बाई घेत नाहीत, 'थंडीचा देश' एवढंच म्हणतात, म्हणून मीही घेत नाही. सात वर्षांपूर्वी सुमेधने तिथल्या क्लारा नावाच्या मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. दोन मित्र साक्षीदार. घरी फोन केला तो दुसऱ्या दिवशी. काकांना मुलीबद्दल काही म्हणायचं नव्हतं. आपल्याला न कळवता लग्न झालं, हे त्यांना लागलं. "हजारो लोकायच्या गाड्या मी लावून देल्या," ते म्हणाले, "अन् घरची गाडी कधी सुटली, हे मले दुसऱ्या दिवशी समजते." मग फोनमध्ये तोंड घालून त्यांनी घोषणा केली, "आता मी बोलावल्याशिवाय या घरात यायचं नाही!"

सुमेधने बापाचंच नाक आणि बापाचाच स्वभाव घेतला होता. तो म्हणाला, "बरं."

ते 'बरं' सहा वर्षं चाललं. काका बोलावत नव्हते, हा येत नव्हता. दोघांच्या मध्ये बाई फोन धरून उभ्या.

नात झाली. तिचं नाव मैत्री. तेव्हा बाईंनी थंडीच्या देशाचा पर्यटक व्हिसा मागायचं ठरवलं, एकटीसाठीच. त्यांची फाइल म्हणजे काय विचारता! कार्यालयाचं पत्र, रजेचा मंजुरी आदेश, घराची कागदपत्रं, सुमेधचं निमंत्रण, अनुक्रमणिका, पृष्ठ क्रमांक. अशी फाइल आमच्या ऑफिसात कुणी बघितली नव्हती. महिन्याभराने नकाराचं पत्र आलं. भेट संपल्यावर अर्जदार मायदेशी परततील याची खात्री पटत नाही, अशा अर्थाचं.

बाई ते पत्र मागून वाचून मग पुढून वाचून मला म्हणाल्या, "वर्षा, मी परत येनार नाही म्हनते. मी! अकोल्याले नणंदेकडे दोन दिवस गेली तरी मले झोप येत नाही. तथी बर्फात बसून मी काय करीन?"

मी हसले. त्याही हसल्या. पण त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. वर्षभराने पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर. नकारापेक्षा त्यांना दुसरीच गोष्ट खुपत होती. "एकबी कागद कमी नव्हता," त्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या. पुरा कागद अडतो, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर काही महिन्यांनी ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी एक मजकूर पुढे ढकलला. 'या देशांत भारतीयांना व्हिसा लागत नाही! बॅग भरा आणि निघा!' आम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि विसरून गेलो. बाईंनी मला रविवारी घरी बोलावलं.

रुक्मिणीनगरातल्या त्यांच्या घरी काका बाहेर गेलेले बघून त्यांनी एक लांबडी वही काढली. डाव्या रकान्यात भारतीयांना व्हिसा न लागणारे देश, उजव्या रकान्यात क्लारा आणि मैत्रीला न लागणारे. मध्ये बरोबरच्या खुणा आणि फुल्या. प्रत्येक देशाच्या सरकारी पानावर जाऊन तळाची बारीक अक्षरं वाचलेली.

"आमच्यात पत्रिका पाह्यत नाही," त्या म्हणाल्या, "पन ही जुळवा लागली."

"बाई, हे सगळं कशासाठी?"

"मले तिकडं येऊ देत नाही. सुमेध इकडं येत नाही. मंग तिसरा देश काढला. तथी त्यायचंबी घर नाही, याचंबी घर नाही. कोनाले कोनाच्या दारात जा लागत नाही." आणि त्यांनी बोट ठेवलं ते थायलंडवर. दोन्ही रकान्यांत बरोबरची खूण होती.

"काकांना सांगितलं?"

"काकाले सांगतलं, बुद्धाच्या मूर्ती पाहाले जाऊन राह्यलो. तथी मूर्त्या हायेतच ना? खोटं थोडी हाये."

बाई आणि काका दोघंच निघाले तर काकांना संशय येईल, म्हणून सोबत मी हवी होते. मी म्हटलं, मग आईलाही घेऊ. माझी आई अकोल्याला जठारपेठेत माझ्या भावाकडे राहते. फोनवर मी विचारलं, "आई, थायलंडला येतेस का माझ्यासोबत?" ती म्हणाली, "येते. कधी निघाचं?" कुठे, कशाला, किती दूर, काही नाही.

पुढचे तीन महिने आम्ही तायडेबाईंचे विद्यार्थी होतो. "व्हिसा लागत नाही म्हंजे विचारपूस लागत नाही, असं समजू नोका," हे पहिल्या दिवसाचं पहिलं वाक्य. "शेजाऱ्याचं दार उघडं दिसलं म्हनून आपन चपला घालून सैपाकघरात जातो का?" पासपोर्ट उतरण्याच्या दिवसापासून सहा महिने तरी चालू हवा. परतीचं तिकीट हवं. हॉटेलचा पत्ता छापून हवा, मोबाइलमध्ये आहे असं सांगून चालणार नाही, कारण "मोबाइल मरते, कागद मरत नाही." सहा महिने म्हणजे किती यावर काकांनी थोडी सवलत मागून पाहिली. बाई म्हणाल्या, "पाच महिने एकोनतीस दिवस म्हंजे पाच महिने." रोज सकाळी चहाआधी त्या सरकारी पान उघडून बघायच्या. नियम बदलतात, तारखा बदलतात. "कालचा नियम कालच्या मानसाले," म्हणायच्या आणि मग, "आजबी उघडं हाये," असं जाहीर करून गॅस पेटवायच्या.

एका रविवारी आई अकोल्याहून आली आणि बाईंनी सराव परीक्षा ठेवली. जेवणाच्या टेबलामागे बाई अधिकारी झाल्या. काकांनी आपणहून रांगेची जबाबदारी घेतली. "प्रवाशांनी पिवळ्या रेषेच्या मागं उभं राहावं!" असं ते गर्जले. पिवळी रेषा म्हणजे पायपुसणं.

आई पुढे झाली. बाईंनी पासपोर्ट चाळून येण्याचं कारण विचारलं. "कावून आल्या?"

"तुमीच तं बोलावलं."

"मी नाही, थायलंडचा साहेब इचारून राह्यला. कावून आल्या?"

आई माझ्याकडे बघायला लागली. "वर्षानं आनलं."

"किती दिवस रायसान?"

"जमलं तर राहू अजून."

"नापास!" बाईंनी पासपोर्ट आपटला. "असं बोलल्या तर तुमाले विमानतळावरूनच अकोल्याले वापस पाठोते. म्हना, हॉलिडे. आठ दिवस. रिटर्न तिकीट हाये."

आई दिवसभर माझ्या घरात 'हॉलिडे, आठ दिवस' असं पुटपुटत हिंडली. देवाजवळ दिवा लावतानाही मला तेच ऐकू आलं.

थायलंडात उतरण्याआधीच्या तीन दिवसांत तिथल्या प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता. तो भरायला मी बसले, बाई शेजारी. नाव, पासपोर्ट, विमानाचा क्रमांक झाला. मग प्रवासाचं कारण निवडायचा रकाना आला. बाई यादी वाचत गेल्या आणि एका शब्दावर थांबल्या. "मीटिंग. हे टाक. मीटिंगच तर हाये."

"बाई, ती मीटिंग म्हणजे कंपन्यांची. आपण हॉलिडे टाकू."

"पन मी तं पोराले भेटाले जाऊन राह्यली."

"मुलाला भेटणं सुट्टीतच येतं."

"खोटं तं नाही ना होत?" त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हटलं आणि बटण दाबलं. पण त्यांच्या कपाळावरची आठी काही सुटली नाही.

मुंबईपर्यंत रेल्वे आणि तिथून विमान. विमानात काका खिडकीशी बसले. गाडी वेळेवर सुटली याबद्दल त्यांनी हवाई सुंदरीचं अभिनंदन केलं. सकाळी आम्ही उतरलो. पासपोर्ट तपासणीची रांग लांब होती आणि ती फार शिस्तीत चालली होती, त्यामुळे काका खूश होते. बाईंनी मात्र हातातली फाइल छातीशी धरली होती. सुमेध, क्लारा आणि मैत्री आदल्या दिवशीच येऊन हॉटेलात उतरले होते. बेत असा होता की हॉटेलात पोचल्यावर काय ते काकांना कळेल.

बाई आणि काका एकत्रच खिडकीपुढे गेले. आई आणि मी लगेच मागे. खिडकीत गणवेशातली एक तरुण मुलगी होती. तिने दोघांचे पासपोर्ट बघितले, हसून विचारलं, "फर्स्ट टाइम?"

"येस," बाई म्हणाल्या.

"हॉलिडे?"

एवढा साधा प्रश्न. तीन महिने आम्हाला पढवलेलं उत्तर त्याच शब्दात होतं, नुसतं 'येस' म्हणायचं होतं. बाई हातातल्या फाइलकडे बघत राहिल्या. मुलीने वर पाहिलं. मागून आई कुजबुजली, "आठ दिवस म्हना, आठ दिवस."

बाईंनी फाइल खाली ठेवली. "मॅडम, हॉलिडे इज रिटन," त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "बट आय कम टू मीट माय सन. माय सन इज हिअर. ग्रँडडॉटर ऑल्सो."

काकांची मान सावकाश वळली. "कोन हाये इथं?"

"सुमेध."

"कुठी?"

"हॉटेलात. कालच आला. पोट्टीले घेऊन."

खिडकीतली मुलगी एकदा बाईंकडे, एकदा काकांकडे बघत होती. आमच्या मागची रांग चुळबुळली. काकांच्या खिशात परतीचं तिकीट होतं, बाईंनीच छापून दिलेलं, आणि मागे वळायला फक्त चार पावलं होती. मी त्यांच्या चपलांकडे बघत राहिले.

"त्याले माहीत हाये?" काकांनी शेवटी विचारलं. "मी येऊन राह्यलो, हे त्याले माहीत हाये?"

"हाव. त्याले पह्यल्या दिवसापासून माहीत हाये. तुमालेच तेवढं नाही."

"माहीत असून आला?"

"माहीत हाये म्हनूनच आला."

मुलीने काकांना विचारलं, "सर? यू ऑल्सो मीट सन?"

काका तिच्याकडे वळले. "येस मॅडम," ते म्हणाले, आणि आवाज एकदम स्टँडच्या पट्टीत गेला. "माय सन!" शेजारच्या दोन खिडक्यांमधल्या अधिकाऱ्यांनी माना वर केल्या. मुलीने हसू दाबत शिक्के मारले.

बॅगा घ्यायच्या पट्ट्यापाशी बाई काकांपासून जरा लांब उभ्या राहिल्या. बोलणी बसणार या तयारीने. काका बराच वेळ फिरत्या बॅगांकडे बघत होते. मग गालावरून हात फिरवत म्हणाले, "आधी सांगतलं असतं तर दाढी करून आलो असतो ना."

हॉटेलच्या लॉबीत सुमेध उभाच होता. शेजारी क्लारा, आणि मोठ्या कुंडीमागे लपलेली चार वर्षांची मैत्री, जिचा एक डोळा आणि एक वेणी तेवढी दिसत होती. बापलेक समोरासमोर आले आणि दोघेही थांबले. सहा वर्षांत सवय मोडली होती, सुरुवात कुणी करायची हे दोघांनाही कळेना. काकांनी सुमेधला सोडून कुंडीकडे पाहिलं. पोरीला मराठी येत नाही, आपल्याला तिची भाषा येत नाही. मग जे येत होतं ते त्यांनी केलं. हात तोंडाशी नेऊन पूर्ण आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी लक्ष द्यावं! अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला जानारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे!"

सगळी लॉबी थबकली. मैत्री कुंडीमागून अर्धी बाहेर आली. "अगेन," ती म्हणाली.

"काय म्हनते?" काकांनी विचारलं.

"पुन्हा म्हना म्हनते, बाबा," सुमेध म्हणाला.

बापलेकांमधलं सहा वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य. काकांनी ती गाडी सात वेळा लावली. दर वेळी एकेक थांबा वाढवत नेली. सातव्या वेळी ती पातूरमार्गे पार वाशिमपर्यंत गेली आणि मैत्री त्यांच्या खांद्यावर होती. क्लारा बाईंच्या पाया पडायला वाकली, हे सुमेधने शिकवलं असावं, पण चुकून ती माझ्या आईच्या पाया पडली. आईने मोठ्या मनाने आशीर्वाद देऊन टाकला.

बाप-लेक खरं बोलले ते तिसऱ्या दिवशी, नदीवर नावेची वाट बघताना. मी मागच्या बाकावर होते. काका पाण्याकडे बघत म्हणाले, "तू लग्नाले बोलावलं असतं तर मी आलो असतो का, मले माहीत नाही. पन बोलावाले पायजे होतं."

"हाव बाबा. चुकलं माह्यं."

"मीबी लयच बोललो." मग काका म्हणाले, "तसं बोलावलं असतं तरी मले कुठी व्हिसा भेटला असता!"

सुमेध इतक्या जोरात हसला की नाववाल्याने वळून पाहिलं.

आठव्या दिवशी विमानतळावर आमची विमानं वेगवेगळ्या दारांनी होती. मैत्री काकांचं बोट सोडत नव्हती. काकांनी बाईंना विचारलं, "क्लाराले अन् या पोट्टीले आपल्या देशाचा व्हिसा लागते का?"

"लागते ना. फॉर्म भरा लागते. भारतातल्या एका मानसाचं नाव-पत्ता द्या लागते त्यात."

"मंग माह्यं टाक," काका म्हणाले आणि सुमेधकडे न बघता पुढे म्हणाले, "थंडीत या. हुरडा भेटते."

ते आले. तीन आठवडे राहिले. क्लाराला ठेच्याने रडवलं आणि मैत्री 'लय' हा शब्द शिकून गेली. ते गेल्यावर एका दुपारी मी बाईंकडे गेले. त्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. इतके दिवस मनात असलेली गोष्ट मी विचारली. "बाई, तुम्ही फॉर्मवर एक अक्षर खोटं लिहू देत नाही. मग काकांशी तीन महिने कशा खोटं बोललात?"

त्यांनी मूठभर दाणे भांड्यात टाकले. "खोटं कुठी बोलली? त्यायनं इचारलंच नाही. मूर्त्या पाहाले चाललो म्हटलं, त्यायनं बरं म्हटलं. तथी कोन भेटनार हाये, तुले कावून जाचं हाये, एका शब्दानं नाही. इचारलं असतं तर सांगून देल्लं असतं." पुढची शेंग मोडत त्या म्हणाल्या, "त्या थायलंडच्या पोट्टीनं इचारलं, तिले सांगतलं. परक्या गावात गेलं की लोक इचारते, कावून आल्या. घरातल्या मानसाले कोनी इचारतच नाही, बावा."

घरी आल्यावर मी अकोल्याला फोन लावला. आईने उचलला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हटलं, "आई, एक विचारू? तू थायलंडला का आली होतीस? तुला मूर्ती बघायच्या नव्हत्या, समुद्रावर तू सावलीत बसून होतीस, जेवण तुला आवडलं नाही."

पलीकडे ती जरा गोंधळली. "कावून? काही तपासणी निंगाली का आता?"

"नाही गं. मीच विचारतेय."

पलीकडे तिने पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"तू दिवाळीले येते अन् दुसऱ्या दिवशी जाते," आई म्हणाली. "तथी आठ दिवस एका खोलीत रायली ना माह्यासंग. म्हनून आली होती."